ओंडक्याचे मेणबत्ती स्टँड घरी केले, पण भोकंच लहान झाली! (फोटोसह)

पंचगंगाकाठ | २८ ऑक्टोबर, रात्री १०:४०

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून हा धागा काढतोय.

आमचं मूळ घर कोल्हापूरजवळच्या आंबेवाडीला. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा परड्यात गाळाबरोबर एक ओंडका येऊन बसला. साधारण साडेचार फूट लांब, मांडीएवढा जाड. कुणी म्हणालं जळणाला फोड, कुणी म्हणालं राहू दे बसायला. तो तिथंच राहिला. त्यावर बसून वडिलांनी चार पावसाळे तंबाखू मळली.

यंदा गणपतीत सुट्टी होती. मोबाईलवर ते लाकडाच्या ओंडक्यात मेणबत्त्या लावलेले व्हिडिओ सारखे समोर येत होते. म्हटलं आपल्या दारात फुकटचा ओंडका पडलाय, दिवाळीला करूया. दोन फुटांचा एक तुकडा कापला, खाली रंधा मारून बूड सपाट केलं म्हणजे आडवा ठेवला की लोळणार नाही. वरच्या अंगाला ओळीत पाच भोकं पाडली, दीड इंची ड्रिल बिटानं. टीलाईटची, म्हणजे त्या बुटक्या मेणबत्तीची, ॲल्युमिनियमची वाटी मोजली होती, साडेसदतीस मिलिमीटर. दीड इंच म्हणजे अडतीस. एकदम मापात बसली, फोटो १ बघा. उरलेल्यातून दोन बोटं जाडीच्या आठ चकत्या काढल्या, त्यांच्या मधोमध एकेक भोक.

वसुबारसेला स्टँड बाहेर काढला तर एकाही भोकात टीलाईट बसेना! तीच टीलाईट, तेच पाकीट. शेवटी दाबून बसवली तर वाटी चेपली.

दुसरं, आठ चकत्यांपैकी सहांना मधल्या भोकापासून कडेपर्यंत तडा गेलाय, करंगळी जाईल एवढा. तिसरं, ज्या दोन चकत्या धड होत्या त्यांत दिवे लावले, तर तासाभरात भोकाची कड काळी पडली आणि चुलीसारखा वास सुटला. आईनं उचलून मोरीत ठेवलं.

भोक लहान कसं होतं, हे कुणी सांगेल का? बायको म्हणते तुम्ही मोजायला चुकलात. मी नाही चुकलो.

---

तांबडापांढरा | २८ ऑक्टोबर, रात्री १०:५२

नाद खुळा भावा. लोकांची दिवाळीत पोटं वाढतात, तुझी टीलाईट वाढली.

---

उद्यमनगरी | २८ ऑक्टोबर, रात्री ११:१५

हसू नका रे, माणूस बरोबर बोलतोय. भावा, एक काम कर. आडव्या ओंडक्यातलं भोक दोन्ही अंगांनी मोज. एकदा ओंडक्याच्या लांबीच्या दिशेनं, एकदा आडव्या दिशेनं. शाळेच्या पट्टीनं नको, व्हर्निअरनं. नसला तर माझ्या शॉपवर ये.

---

पंचगंगाकाठ | ३० ऑक्टोबर, रात्री ८:०५

आज उद्यमनगरीच्या शॉपवर ओंडका घेऊन गेलो. गाडीच्या मागं बांधून. सिग्नलला लोक बघत होते.

माप असं निघालं: लांबीच्या दिशेनं ३८.० मिलिमीटर, आडव्या दिशेनं ३६.४. पाचही भोकं तशीच, एकदोन पॉइंट इकडं-तिकडं. म्हणजे गोल भोक लंबगोल झालंय. डोळ्याला अजिबात दिसत नाही, पण व्हर्निअरची चोच आडवी घातली की कळतं.

---

उद्यमनगरी | ३० ऑक्टोबर, रात्री ९:३०

आता इथं सगळ्यांसाठी लिहितो, कारण तिथं चहाच्या नादात अर्धंच सांगितलं.

लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आटत नाही. लांबीच्या दिशेला, म्हणजे रेषांच्या दिशेला, ते जवळजवळ आटतच नाही. वर्षवलयांच्या गोलाईच्या दिशेनं सगळ्यात जास्त आटतं, ओल्यापासून पार सुकेपर्यंत साधारण सहा ते दहा टक्के, लाकडाप्रमाणे कमीजास्त. गाभ्यापासून सालीकडं, त्याच्या निम्म्याच्या आसपास. याचं भोक वरून पाडलेलं, त्यामुळे त्याची एक बाजू लांबीत (आटलीच नाही, ३८ ची ३८) आणि दुसरी गोलाईत. ३८ चे ३६.४ झाले म्हणजे चार टक्क्यांच्या वर गेलं. हिशेब चोख बसतो.

चकत्यांचा तडा हीच भानगड. चकतीचा घेर आटू बघतो जास्त, त्रिज्या आटते कमी. घेराला कपडा पुरेना, मग तो कुठंतरी उसवणारच. उसवतो तो कडेपासून गाभ्यापर्यंत, सरळ रेषेत. पिझ्झाचा एक तुकडा काढल्यासारखी फट पडते ती त्यामुळंच.

थोडक्यात, तू ओल्या लाकडात भोकं पाडलीस.

---

पंचगंगाकाठ | ३० ऑक्टोबर, रात्री ९:४८

हेच तर पटत नाही. ओंडका २०२१ पासून पडून आहे! चार वर्षांचं लाकूड ओलं?

---

वखारीतला | ३१ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

राम राम. आमची तीन पिढ्यांची वखार, म्हणून चार शब्द.

पडून असणं आणि वाळणं यात फरक आहे, पाहुणं. तुमचा ओंडका सालीसकट होता, आणि जमिनीला टेकलेला. साल म्हणजे झाडाचा रेनकोट. आतलं पाणी सालीतून बाहेर येत नाही, जे काय वाळतं ते दोन्ही टोकांकडून. म्हणून टोकं वाळून चिरतात आणि मध्ये हातभर आत गेलं की ओलंच. वर दर वर्षी कोल्हापूरचा पाऊस, खालून मातीची ओल. चार काय आठ वर्षं ठेवला असता तरी परड्यात तो वाळला नसता, कुजला असता.

फळी करून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत, वारं लागेल अशी रचून ठेवली तर इंचभर जाडीला वर्ष धरायचं असं आमचे आजोबा म्हणायचे. हा अंदाज झाला, कायदा नव्हे. चकतीचं बरं असतं, तिची दोन्ही तोंडं उघडी, चारदोन महिन्यांत वाळते. पण भसाभस वाळते म्हणूनच फुटते.

लाकूड कुठलं ते विचारलं नाहीत, तरी सांगतो. फोटो ३ मध्ये गाभा चॉकलेटी-तांबूस, कडेला दोन बोटं पिवळट पट्टा, सालीला उभ्या खोल चिरा. बाभूळ आहे. बैलगाडीच्या चाकाचं लाकूड. बिट तापून धूर आला असेल तुमचा.

---

पंचगंगाकाठ | ३१ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

आला की धूर! तिसऱ्या भोकाला बिटाचं टोक निळं पडलं. आणि कापताना करवतीचे दात तर पहिल्या पाच मिनिटांतच गेले. मला वाटलं करवतच डुप्लिकेट.

---

वखारीतला | ३१ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

करवतीची चूक नाही. पुराचं लाकूड आम्ही वखारीत घेतच नाही, ते याच कारणानं. सालीच्या चिरांमध्ये गाळ आणि बारीक वाळू घट्ट बसलेली असते. वरून धुतलं तरी आत राहते. ती वाळू दात खाते. आमच्या पट्टा करवतीला एकदा पुराचा आंबा लावला होता, पात्याचे दात बोथट होऊन पाता जळाल्यासारखा काळा झाला. तुम्ही कापणार तिथली साल आधी कोयत्यानं काढा, तारेच्या ब्रशनं घासा, मग करवत लावा. कापाच्या जागेपुरती गेली तरी चालते, बाकीची साल शोभेला राहू दे.

बिट निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी, पोलादाचा कडकपणा, उतरलं. आता ते बाभळीवर चालायचं नाही. मशीन हळू फिरवायचं, आणि दर दोन-तीन मिलिमीटरला बिट वर काढून भुसा झटकायचा.

---

पाहुणा_पुण्याचा | ३१ ऑक्टोबर, दुपारी १:१०

फार छान धागा. एक शंका. त्या व्हिडिओंमध्ये पांढऱ्या सालीचं सुंदर लाकूड असतं, काळे पट्टे असलेलं. ते इकडे कुठे मिळेल?

---

वखारीतला | ३१ ऑक्टोबर, दुपारी १:४५

ते बर्च. थंड मुलखातलं झाड. आपल्या देशात त्याचा भाऊ हिमालयात होतो, भूर्ज. ज्याच्या सालीवर जुन्या पोथ्या लिहायचे ते भूर्जपत्र याचंच. कोल्हापुरात मिळायचं नाही. पांढरं पाहिजे म्हणून लोक निलगिरी घेतात, पण तिची साल पट्ट्यापट्ट्यांनी सोलून पडते, महिन्यात नागडी. साल टिकवायची तर झाड थंडीत किंवा पानगळीत, रस उतरलेला असताना कापलेलं हवं. पावसाळ्यातली साल सुटतेच.

---

कलम_लावा | ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

तुम्ही सगळे करवतीबद्दल बोलताय, पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. ओंडका कुणाचा?

भारतीय वन अधिनियम, १९२७. कलम ४५. वाहत आलेलं, काठाला लागलेलं, अडकलेलं किंवा बुडालेलं इमारती लाकूड, कुणी आपला हक्क सिद्ध करेपर्यंत, सरकारी मालकीचं समजलं जातं. आणि ‘टिंबर’ची व्याख्याही वाचा, कलम २: पडलेलं वा तोडलेलं झाड, आणि सगळं लाकूड, मग ते कापलेलं असो, घडवलेलं असो, किंवा कुठल्याही कारणासाठी पोखरलेलं असो वा नसो.

‘पोखरलेलं असो वा नसो’. भावा, तुझी पाच भोकंसुद्धा कायद्यात बसली.

---

तांबडापांढरा | ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:०४

म्हणजे आंबेवाडीच्या काकांनी चार वर्षं सरकारी मालावर बसून तंबाखू मळली.

---

पंचगंगाकाठ | ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२२

सरकारला सांगा, ओंडक्याबरोबर वीतभर गाळपण आला होता, तोही घेऊन जा. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आणि पाणी आमच्या खिडकीत. गाळ काढायला दहा दिवस गेले.

---

कलम_लावा | ३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

😄 चेष्टा सोडा, पण एक गोष्ट खरंच लक्षात ठेवा. हे वाचून कुणी दारातलं किंवा रस्त्याकडेचं झाड छाटायला जाऊ नका. शहरात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आपल्या कंपाउंडमधलं झाड असलं तरी. वखारीतून जळणाचा तुकडा घ्या, स्वस्तात पडेल.

---

माळावरची | १ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मी गेली पाच-सहा वर्षं हे स्टँड करतो आणि प्रदर्शनात विकतो. काळ्या कडेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

भोक किती खोल पाडलंस? फोटो ४ मध्ये मला टीलाईट आत बुडालेली दिसतेय.

---

पंचगंगाकाठ | १ नोव्हेंबर, रात्री ९:२१

एक इंच. म्हटलं वाऱ्यानं विझायला नको.

---

माळावरची | १ नोव्हेंबर, रात्री ९:५०

तिथंच चुकलं. टीलाईटच्या वाटीची उंची सोळा मिलिमीटरच्या आसपास. तू पंचवीसचं भोक पाडलंस, म्हणजे ज्योत लाकडाच्या विहिरीत. ज्योत वाऱ्यानं कलली की थेट कडेला चाटते. शिवाय उष्णता वर निसटत नाही, वाटीतलं सगळं मेण पातळ होऊन उकळायला लागतं. तासाभरात काळं पडलं म्हणजे नशीब समज.

मी भोक पंधरा मिलिमीटर खोल पाडतो. वाटीची कड लाकडाच्या वर मिलिमीटरभर दिसली पाहिजे. त्याचा दुसरा फायदा, विझलेली वाटी नखानं धरून उचलता येते, नाहीतर चाकूनं उचकटत बसावं लागतं. दोन भोकांत चार बोटं तरी अंतर पाहिजे, जास्त असलं तर चांगलंच. टीलाईट एकमेकींना चिकटून ठेवल्या तर त्या एकमेकींना तापवतात आणि मेणच पेट घेतं. तसं झालं तर पाणी अजिबात टाकायचं नाही, भडका उडतो. वरून स्टीलचं ताट पालथं घालायचं.

बिटाचं सांगतो. सुताराकडं गेलास तर तो पस्तीसचा बिट काढून देईल, कपाटाच्या ऑटो बिजागरीला तोच लागतो, म्हणून सगळ्यांकडं असतो. त्यात टीलाईट जात नाही. चाळीसचा फोर्स्टनर माग, म्हणजे सपाट बुडाचं भोक पाडणारा बिट. होल सॉ घेऊ नकोस, त्यानं नुसता गोल चर पडतो, मधला लाकडाचा खुंट पटाशीनं उडवत बसावं लागतं आणि बाभळीत तर हात दुखून येतो. चपटा बिट स्वस्त पण त्याचं टोक लांब, पातळ चकतीत खालून बाहेर येतं.

---

पाहुणा_पुण्याचा | १ नोव्हेंबर, रात्री १०:०५

दादा, खूप उपयुक्त माहिती. तुमचं प्रदर्शन पुण्यात असतं का?

---

माळावरची | १ नोव्हेंबर, रात्री १०:११

दादा नव्हे, ताई आहे मी. दोन मुलांची आई.

---

पाहुणा_पुण्याचा | १ नोव्हेंबर, रात्री १०:१३

अरे माफ करा! ‘मी करतो, मी विकतो’ वाचून…

---

तांबडापांढरा | १ नोव्हेंबर, रात्री १०:१४

पाहुणं, हे कोल्हापूर. इथं बायका ‘मी येतो’ म्हणून निघतात आणि ‘मी आलो’ म्हणून परत येतात. आयडीचं नाव तरी बघायचं!

---

पाण्यात_भिजवा | २ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

आमच्याकडं कुंभारकाम चालतं, म्हणून विचारते. मेणबत्तीच कशाला? ओंडक्यात पणती बसवली तर किती छान दिसेल.

आणि उत्तरही मीच देते, कारण आम्ही करून बघितलंय. मातीची पणती झिरपते. भाजलेली असली तरी तिच्या अंगात बारीक छिद्रं असतात, तेल हळूहळू बाहेर येतं. रात्रभर पाण्यात भिजवून घेतली की तेल कमी पिते, पण घाम फुटतोच. दगडी पायरीवर काही बिघडत नाही, नुसता डाग पडतो. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर एवढ्या पणत्या लागतात, दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर काळे गोल दिसतात ते त्याचेच. लाकडात मात्र तेच तेल मुरतं. दोन-तीन दिवाळ्या गेल्या की तुमचा स्टँड म्हणजे भली मोठी वात. पणतीच हवी असेल तर भोकात खाली बरणीचं पत्र्याचं झाकण बसवा, त्यात पणती.

---

उद्यमनगरी | २ नोव्हेंबर, दुपारी २:००

ताई, एक नंबर मुद्दा. झाकणापेक्षा बरं सांगू? माझ्याकडं पितळेच्या बारचे तुकडे पडलेले असतात. लेथवर त्याच्या वाट्या काढून देतो, वरच्या कडेला तीन-चार मिलिमीटरची कॉलर ठेवून. कॉलर लाकडाच्या कडेवर बसते, ज्योतीची धग आधी पितळ खातं. शिवाय भोक लंबगोल झालं तरी कॉलरखाली झाकतं. साधी लांब मेणबत्ती लावणाऱ्यांनी तर वाटी घ्यावीच. लोक लाकडात खिळा ठोकून त्यावर मेणबत्ती टोचतात, ती संपत आली की वात थेट लाकडावर टेकते. लाईट गेलेली असते, माणूस झोपलेला असतो…

---

रंग_पेंटर | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४०

फिनिशिंगचं कोणी बोलेना. मी सांगतो. व्हार्निश मारू नका, प्लास्टिकसारखं चमकतं, गावठीपणा जातो. पेंटच्या दुकानात बेल तेल मागा, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. फडक्यानं दोन हात. बाभूळ अशी खुलते की बघत राहाल.

---

माळावरची | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५५

दिव्याच्या स्टँडला तेल? मी नुसतं मधमाशांचं मेण चोळतो.

---

रंग_पेंटर | २ नोव्हेंबर, रात्री ८:०२

ताई, हे तेल पणतीतल्या तेलासारखं ओलं राहत नाही. हवा लागली की कातडीसारखं घट्ट होतं. पातळ हात मारून जास्तीचं पुसलं आणि आठवडा-दोन आठवडे वाऱ्याला ठेवलं की झालं. मधमाशांचं मेण बासष्ट-चौसष्ट डिग्रीला वितळतं, तुमच्या भोकाच्या कडेला ते राहणारच नाही.

---

माळावरची | २ नोव्हेंबर, रात्री ८:१०

राहत नाही ते मान्य. मी कडेला लावतच नाही, फक्त बाहेरून. पण त्या तेलाचं फडकं कुठं टाकता ते पण सांगा की लोकांना.

---

रंग_पेंटर | २ नोव्हेंबर, रात्री ८:२५

बरं आठवलंत. सांगतो, लाज वाटते तरी.

सात-आठ वर्षांपूर्वी एका बंगल्यात दरवाजांना बेल तेलाचं काम चालू होतं. संध्याकाळी पोरांनी सगळी फडकी गोळा करून भुशाच्या पोत्यात कोंबली. पोतं जिन्याखाली. सकाळी घरमालकाचा फोन, धूर येतोय. कुणी काडी ओढली नव्हती, वायर नव्हती. हे तेल घट्ट होताना स्वतः तापतं. फडकं पसरून वाळत घातलं तर उष्णता उडून जाते, बोळा करून ठेवलं तर आतल्या आत साठते आणि पेटतं. पोतं अर्धं जळालं, जिन्याची भिंत काळी झाली, ती मी पदरमोड करून रंगवून दिली. तेव्हापासून फडकी पाण्याच्या बादलीत, नाहीतर दोरीवर एकेक सुटं.

---

गुळाची_ढेप | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:००

आमचं गुऱ्हाळ आता सुरू होतंय. चकत्या चुलवाणाशेजारी ठेवल्या तर दोन दिवसांत खडखडीत होतील की. पाठवून द्या, येताना गूळ घेऊन जावा.

---

वखारीतला | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:३५

गुळाला हो, चकत्यांना नको. धगीनं बाहेरचं वाळतं, आतलं ओलं राहतं, फाटकन फुटतात. घाई केली तर तडा आला समजा. उलट पहिल्या महिन्यात वाळणं लांबवायचं. कापल्या कापल्या दोन्ही तोंडांना फेव्हिकॉल किंवा मेणाचा हात द्या आणि खोक्यात रद्दी पेपरात ठेवा, उन्हात नाही.

आणि पंचगंगाकाठ, उरलेल्या ओंडक्याच्या चकत्या करूच नका. आमच्याकडं आणा, उभा मधोमध चिरून देतो, साल घासून आणा म्हणजे झालं. अर्धगोल दोन फाळ्या होतील. गाभा मधून कापला गेला की घेराला आटायला मोकळीक मिळते, तडे फार कमी जातात. सपाट बाजू खाली, सालीची वर, रंधा मारायचीही गरज नाही. चकतीच पाहिजे असेल तर एक युक्ती आहे: कडेपासून गाभ्यापर्यंत करवतीचा एकच काप आपणच मारून ठेवायचा. लाकूड आटतं तेव्हा तीच फट रुंदावते, दुसरीकडं तडा जात नाही. ती बाजू भिंतीकडं करायची.

---

उद्यमनगरी | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

आणि वाळलं की नाही हे अंदाजानं नको. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन कर, चकतीच्या पाठीवरच पेन्सिलीनं लिही. वजन उतरायचं थांबलं की वाळली.

---

सोनार_गल्ली | ३ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

एक राहिलं. बाभळीचा तो पिवळट पट्टा भुंग्याला फार आवडतो. सहा महिन्यांनी स्टँडखाली पिठासारखी भुकटी दिसली की समजा आत बिऱ्हाड आहे. आम्ही दागिन्यांच्या डागाला (जोडकामाला) वापरतो ती सवागी, म्हणजे बोरॅक्स, आणि कॅरमची पावडर (ती बहुतेक वेळा बोरिकच असते), दोन्ही गरम पाण्यात विरघळवून ब्रशनं दोनदा मारा. तेल-मेण लावायच्या आधी, आणि लाकूड थोडं ओलसर असतानाच, म्हणजे आतपर्यंत मुरतं. पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

---

पंचगंगाकाठ | ३ नोव्हेंबर, रात्री ९:००

दंडवत सगळ्यांना. वखारीतला, येत्या रविवारी येतो ओंडका घेऊन.

---

पाहुणा_पुण्याचा | १९ जानेवारी, सकाळी १०:२०

पुढे काय झालं हो?

---

पंचगंगाकाठ | २६ एप्रिल, रात्री ११:३०

उशीर झाला, पण लाकूडच उशीर करत होतं.

ओंडका चिरून आणला. आत बघितलं तर मधला भाग हाताला गार लागत होता, वखारीतला जिंकले. दोन फाळ्या माळ्यावर ठेवल्यात, त्या अजून वजनात उतरताहेत, त्यांना यंदाची दिवाळी पण मिळेल असं वाटत नाही. मध्ये काप मारलेल्या तीन नवीन चकत्या केल्या, चार सेंटिमीटर जाड. सवागीचं पाणी मारलं. एका चकतीच्या पाठीवरचा हिशेब असा आहे: १२१०, ११२०, १०७५, १०५०, १०४०, १०३५, १०३५. हे ग्रॅम. पहिल्या तीन नोंदी आठवड्याच्या, मग मी आळशी झालो, महिन्याच्या आहेत. म्हणजे एका चकतीतून पाऊणदोनशे मिलिलिटर पाणी उडालं, एका पेल्याला थोडं कमी. काप अर्ध्या बोटाएवढा रुंदावला, बाकी कुठं तडा नाही. एक चकती मात्र काप मारूनही दुसरीकडून फुटली, का ते माहीत नाही. वखारीतला म्हणाले तिथं गाठ असेल. होती.

जुना आडवा स्टँड पण वाया नाही गेला. भोकं चाळीसच्या फोर्स्टनरनं परत मारता येईनात, मध्ये टोक टेकवायला लाकूडच नव्हतं. उद्यमनगरीनं युक्ती सांगितली: प्लायच्या फळीला चाळीसचं भोक पाड, ती वर क्लॅम्प कर, तिच्या आधारानं बिट घाल. जमलं. एक इंच खोलीचं करायचं काय, तर पितळेच्या कॉलरवाल्या वाट्या त्यात बसवल्या. पाच वाट्यांचे त्यानं पैसे घेतले नाहीत, त्याच्या आईसाठी एक चकती मागितली.

आज संध्याकाळी वळवानं झोडपलं, आठ वाजता लाईट गेली ती अजून आली नाही. स्टँड ओट्यावर आहे, पाचही दिवे चालू, कड हातानं बघितली, कोमट आहे फक्त. वडील विचारताहेत आता मी बसू कशावर.

उद्यमनगरी, सामान आवरताना तुझा व्हर्निअर माझ्या पिशवीत सापडला. नोव्हेंबरपासून असणार.

---

उद्यमनगरी | २६ एप्रिल, रात्री ११:४१

तरी म्हटलं! पोराला उगाच बोललो मी. उद्या घेऊन ये, येताना भडंग आण.